देवाच्या पैशाचा हिशेब

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, हे येशूचे वचन ज्या रविवारी वाचले जाते, त्या रविवारच्या प्रवचनात एक गोष्ट बहुतेक वेळा येतेच. यरुशलेमच्या तटाला म्हणे 'सुईचे नाक' नावाचा एक अरुंद दरवाजा होता. रात्री मोठी वेस बंद झाली की उंटाच्या पाठीवरचे ओझे उतरवायचे, त्याला गुडघ्यांवर आणायचे आणि त्या दरवाजातून आत सरकवायचे. तात्पर्य काय, तर श्रीमंतालाही आत जाता येते, फक्त त्याने नम्र व्हायला हवे. मी ही गोष्ट लहानपणापासून वेगवेगळ्या पाळकांच्या तोंडून ऐकली आहे, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाची तिच्यावर मनापासून श्रद्धा होती.

पण असा दरवाजा येशूच्या काळी होता, याला कसलाच पुरावा नाही. कथा रूढ झाली ती कित्येक शतकांनी, मध्ययुगात. आणि शुभवर्तमान नीट वाचले तर ती तिथे बसतही नाही. येशूचे बोलणे ऐकून शिष्य थक्क झाले, मग तारण तरी कोणाचे होणार, असे एकमेकांना विचारू लागले. रोज वापरातल्या एखाद्या लहान दरवाजाविषयी तो बोलला असता, तर त्यांनी इतके हबकून जायचे कारण नव्हते. तरीही ही कथा टिकली, कारण ती आपल्याला हवी आहे. तिच्यामुळे पैशाचा प्रश्न तिजोरीतून निघून मनात जाऊन बसतो. मनाने नम्र आहे ना, मनाने अलिप्त आहे ना, मग हरकत नाही. आणि मनातले कोण तपासणार?

माझे म्हणणे याच ठिकाणी आहे. 'मालमत्तेआधी श्रद्धा' हे वाक्य आपण ख्रिस्ती लोक फार सहज म्हणतो. त्यात श्रद्धा खरोखर पुढे आहे की नाही, हे मनाच्या अवस्थेवरून ठरवता येत नाही. ते हिशेबावरून ठरते. पैसा कुठून आला, कोणाच्या हातून गेला, कोणापर्यंत पोहोचला. माणसाच्या बाबतीत हे खरे आहे आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या बाबतीत तर अधिकच खरे आहे.

लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येतो. सगळ्या आज्ञा बालपणापासून पाळल्या आहेत, असे तो सांगतो, आणि त्यात खोटे काही नसावे. येशू त्याला सर्व विकून गोरगरिबांना वाटायला सांगतो तेव्हा तो खिन्न होतो. लगेच पुढच्या, एकोणिसाव्या अध्यायात यरीहो गावातला जक्कय भेटतो. हा जकातदारांचा मुख्य, लोकांच्या नजरेत उघड पापी. येशू त्याला 'सगळे विकून टाक' असे म्हणतच नाही. जक्कय आपण होऊन उभा राहतो आणि आकडे सांगतो: माझ्या मालमत्तेचा अर्धा भाग गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. यावर येशू म्हणतो, आज या घराला तारण झाले आहे.

हे दोन प्रसंग लूकने इतके जवळ ठेवले आहेत, ते उगीच असे मला वाटत नाही. पहिल्याकडे शुद्ध आचरण आहे, पण मालमत्तेला हात लावायची तयारी नाही. दुसऱ्याकडे अर्धे स्वतःकडे उरणारच आहे. तरी त्याने चार लोकांत हिशेब मांडला, आणि त्या हिशेबात दानाबरोबर भरपाईही होती. आपण दानाविषयी भरभरून बोलतो, भरपाईविषयी बोलायचे टाळतो. दान दिल्याने देणारा मोठा होतो. भरपाई करायची तर आधी कबूल करावे लागते की हे आपले नव्हतेच.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची कथाही मुलांना भीती घालण्यापुरतीच सांगितली जाते. प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणतो ते पाहा. जमीन तुझी होती, विकल्यावरची रक्कमही तुझ्याच हाती होती. म्हणजे द्यायची सक्ती नव्हती, थोडे ठेवून घेतले असते तरी कोणी विचारले नसते. त्यांचा अपराध एवढाच की काही भाग मागे ठेवला आणि सगळे दिल्याचे भासवले. आरंभीच्या मंडळीतला पहिला मोठा घोटाळा म्हणावा तर तो हिशेबातल्या खोटेपणाचा आहे.

याला एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने इसवी सन २०० च्या सुमारास नेमक्या याच विषयावर लिहिले. सगळ्यांनीच सगळे देऊन टाकले तर भुकेल्याला खायला कोण घालणार, उघड्याला वस्त्र कोण देणार, असा त्याचा प्रश्न होता. टाकायची ती हाव, वस्तू टाकल्याने काय साधणार? हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. येशू आणि त्याचे शिष्य गावोगाव फिरत होते तेव्हा यहोआन्ना, सुसान्ना यांच्यासारख्या स्त्रिया आपल्या जवळच्या पैशातून त्यांचा खर्च चालवत होत्या, हे लूकनेच नोंदवले आहे. मालमत्ता नसती तर ती सेवाही झाली नसती.

पण क्लेमेंटचे बोलणे अर्धेच उचलायची आपल्याला सवय लागली. धन साधन आहे हे घेतले, साधन कोणासाठी हे सोडले. पुढच्या दोन शतकांतल्या धर्मपित्यांनी ती पळवाट बुजवायचा प्रयत्न केला. कैसरियाच्या बाझिलने चौथ्या शतकात, दुष्काळाच्या काळात, सांगितले की तुझ्या घरात जपून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीत पडून असलेले वस्त्र उघड्याचे आहे. बोलून तो थांबला नाही, गावाबाहेर आजारी, प्रवासी आणि निराधार यांच्यासाठी त्याने वस्तीच उभी केली. योहान क्रिसोस्तोम ३९८ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलचा बिशप झाला. आल्या आल्या त्याने काय केले? चर्चच्या खजिनदाराच्या वह्या मागवल्या. बिशपच्या घरखर्चातली उधळपट्टी त्याने बंद केली आणि तो पैसा रुग्णालयाकडे वळवला. राजधानीतल्या धनिकांना आणि दरबाराला हा माणूस फार काळ सहन झाला नाही. त्याला हद्दपार केले गेले, आणि त्याच अवस्थेत ४०७ मध्ये तो वारला. त्याची प्रवचने आजही आदराने वाचली जातात. त्या वह्यांची आठवण क्वचितच निघते.

मधल्या शतकांत मठांनी दारिद्र्याचे व्रत घेतले आणि मठच जमीनदार झाले, मग असिसीच्या फ्रान्सिसने ते व्रत पुन्हा नव्याने घेतले, हा सगळा इतिहास मोठा आहे. मला त्यातला एकच इंग्रज माणूस इथे हवा आहे, अठराव्या शतकातला, मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली. त्याने पैशाचे तीन नियम सांगितले: जमेल तेवढे प्रामाणिकपणे कमवा, जमेल तेवढे वाचवा, आणि जमेल तेवढे द्या. तरुणपणी वर्षाला २८ पौंडांत त्याचा खर्च भागत असे. पुढे उत्पन्न दुप्पट, तिप्पट झाले तरी तो २८ पौंडांवरच राहिला आणि उरलेले देत गेला. म्हातारपणी मात्र त्याला एका गोष्टीची काळजी लागली होती. त्याचे अनुयायी कष्टाळू झाले, काटकसरी झाले, त्यामुळे श्रीमंत झाले. पहिले दोन नियम त्यांनी मनापासून पाळले आणि तिसरा सोडला.

मराठी ख्रिस्ती समाजाविषयी विचार करताना मला वेस्लीची ही काळजी सारखी आठवते. नगर जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या आमच्या बहुतेक घरांचे पूर्वज महार-मांग वस्त्यांतून, दुष्काळांतून वाट काढत आले. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६ चा, मग १८९९ चा. मिशनच्या शाळेत अक्षर भेटले, बोर्डिंगात दोन वेळचे जेवण भेटले, मुली नर्स झाल्या, मुलगे मास्तर झाले. पुढची पिढी बँकेत, आखातात, अमेरिकेत गेली. या प्रवासाची लाज वाटण्यासारखे त्यात काहीही नाही. म्हणूनच गरिबीचे गोडवे गाणारे प्रवचन मला सहन होत नाही. ज्याच्यावर गरिबी लादली गेली त्याला 'समाधानी राहा' सांगणे आणि ज्याने ती स्वखुशीने पत्करली त्याला साधू म्हणणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आमच्या आज्या-पणज्यांना दारिद्र्यात देव भेटला नाही, दारिद्र्यातून बाहेर काढणाऱ्या माणसांच्या रूपाने भेटला. त्या माणसांच्या हाती जो पैसा होता तो कुठल्या तरी दूरच्या देशातल्या शेतकऱ्याने, शिवणकाम करणाऱ्या बाईने चर्चच्या पेटीत टाकलेला होता.

याच गरजेवर आता एक वेगळी शिकवण पोसली जाते आहे. समृद्धीचे शुभवर्तमान ही अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावलेली शिकवण आधी दूरचित्रवाणीवरून आणि आता मोबाइलवरून आपल्या वस्त्यांत पोहोचली आहे. श्रद्धेने बी पेरा, म्हणजे प्रचारकाच्या कार्याला पैसे द्या, देव अनेक पटींनी परत देईल. आजार गेला नाही, कर्ज फिटले नाही, तर तुमची श्रद्धा कमी पडली. २०१० साली केपटाउनला जगभरच्या सुवार्तिक मंडळ्यांची परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्याने ही शिकवण खोटी ठरवली. पण धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या, मुलाच्या दवाखान्यासाठी हात पसरणाऱ्या बाईपर्यंत असे जाहीरनामे पोहोचत नाहीत. तिच्यापर्यंत पोहोचतो तो क्यूआर कोड.

या प्रचारकांचे आवडते वचन जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले आहे. सगळा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा आणि आकाशाची दारे उघडून मी आशीर्वादाचा वर्षाव करतो की नाही ते पाहा, असे देव म्हणतो. वचन खरे आहे. पण त्याच अध्यायात, अवघ्या पाच ओव्या आधी, तोच देव सांगतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि पोरक्यांना छळणाऱ्यांविरुद्ध, परक्याचा हक्क डावलणाऱ्यांविरुद्ध मी साक्षीला उभा राहीन. दहावी ओवी घोकायची आणि पाचवी वगळायची, हा वचनाशी केलेला अप्रामाणिकपणा आहे. दशमांश जायचा कुठे, तेही जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात स्पष्ट आहे: दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायचा, आणि लेव्याने (मंदिरसेवेच्या वंशातल्याने), परक्याने, पोरक्याने व विधवेने तो पोटभर खायचा. आज ज्या विधवेकडून तो मागितला जातो, तिचे नाव देवाने घेणाऱ्यांच्या यादीत घातले होते.

मालमत्ता आणि श्रद्धा यांचा मेळ कसा घालावा, याचे धडे शोधायला मराठी माणसाला लांब जावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये पुढची वीसेक वर्षे काम केले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा उभा करायला घेतला. परदेशी पगारावर उभा असलेला धर्म या मातीत रुजणार नाही, ही त्यांची खात्री होती. दोनच वर्षांत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या त्यागाविषयी मला अतोनात आदर आहे. पण त्या त्यागाची किंमत कोणी चुकवली, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले आहे. हाताशी आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या माणसाच्या घरात चूल पेटती ठेवायची जबाबदारी बायकोची असते. लक्ष्मीबाईंनी हे तक्रार म्हणून सांगितलेले नाही, त्यांचे प्रेम ओळीओळीत दिसते. तरीही वाचताना कळते की एकट्याने ठरवलेला त्याग दुसऱ्याच्याही ताटातून काही काढून घेत असतो. त्यागाचाही हिशेब द्यावा लागतो, निदान घरच्यांना.

पंडिता रमाबाईंनी दुसरी वाट काढली आणि मला ती अधिक पटते. केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि तिथे मुक्ती सदन उभे राहिले. पुढे १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. हातमाग होते, छापखाना होता, गाईगुरे होती. रमाबाई प्रार्थनेच्या भरवशावर चालत, ठरलेल्या उत्पन्नाच्या हमीवर नाही. पण त्यांची श्रद्धा जमिनीशी, पाण्याशी, यंत्रांशी, रोजच्या धान्याच्या पोत्यांशी बांधलेली होती. त्यांच्या नावावर मोठी मालमत्ता होती आणि तिच्यातले काहीही त्यांचे स्वतःचे नव्हते. मुक्तीतल्या मुलींनी खिळे जुळवून, पाने छापून रमाबाईंचे मराठी बायबल पूर्ण केले. मालमत्तेआधी श्रद्धा म्हणजे काय, हे कोणी मला विचारले तर मी केडगावच्या त्या विहिरी दाखवीन.

वसईतही हा प्रश्न जमिनीच्या रूपानेच समोर आला. बिल्डरांचे दर वाढू लागले, वाड्या विकल्या जाऊ लागल्या, टँकर विहिरींचे पाणी उपसून नेऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. एका धर्मगुरूने पाणी आणि शेती हा श्रद्धेचा विषय मानून रस्त्यावर उतरावे, याने अनेकांना धक्का बसला. मला त्यात अगदी शुद्ध ख्रिस्ती परंपरा दिसते. खासगी मालकी मान्य करूनही पृथ्वीवरचे सर्व काही सर्वांसाठी आहे, हे तर कॅथलिक चर्चचे अधिकृत शिक्षण आहे.

आता आपल्या आजच्या मालमत्तेकडे येऊ. मिशनऱ्यांनी दीडशे-दोनशे वर्षांत शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि बंगल्यांसाठी ज्या जागा घेतल्या, त्या आज शहरांच्या ऐन मध्यात आल्या आहेत. एकेका आवाराची किंमत कोट्यवधींत आहे. या जागा विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरीही कोणी कोणाला अधिकार नसताना जागा दिली, कोणती समिती खरी, कोणाची सही चालते, यावरून राज्यात ठिकठिकाणी वर्षानुवर्षे खटले चालू आहेत. दोन गट एकाच मंडळीत, एकाच रविवारी, वेगवेगळ्या वेळी उपासना करतात अशीही गावे आहेत. या सगळ्यात माझे दुःख एकच आहे. ती आवारे दुष्काळातल्या पोरांसाठी घेतली होती. त्यांच्या नावाने घेतलेली जमीन आपण कोणाला आणि का देतो आहोत, हे त्या पोरांच्या पणतवंडांना वर्तमानपत्रातून कळावे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मंडळीने, मग ती कोणत्याही पंथाची असो, वर्षातून एकदा भर उपासनेत पूर्ण हिशेब वाचून दाखवावा आणि दारावर लावावा. हंगामी उपकारस्तुतीत किती जमले, त्यातले मंडळीतल्या आणि मंडळीबाहेरच्या गरजूंना किती गेले, पाळकाचा पगार किती, इमारतीच्या रंगकामाला किती, कोणती जागा भाड्याने आहे, कोणाकडे आणि काय दराने. काही मंडळ्या हे आजही नेमाने करतात, त्यांचे मी आभार मानतो. पुष्कळ ठिकाणी मात्र हिशेब आयुक्तांच्या कार्यालयात जातो, परदेशी देणगी असेल तर दिल्लीला जातो, आणि पेटीत पैसे टाकणाऱ्याला तेवढा दिसत नाही.

यावर वचन ऐकवले जाते की तुझा उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नको. ते वचन देणाऱ्यासाठी आहे. देणाऱ्याने गाजावाजा करू नये, बरोबरच आहे. सांभाळणाऱ्याला वेगळा नियम आहे आणि तो प्रेषित पौलाने घालून दिला आहे. यरुशलेममधल्या गरिबांसाठी मोठी वर्गणी जमा होत होती, तेव्हा मंडळ्यांनी निवडून दिलेला माणूस त्याने सोबत घेतला. करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो कारणही सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेत आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये, आणि जे केवळ देवासमोर नाही तर माणसांसमोरही योग्य दिसावे, तेच आम्ही करू पाहतो. पौलाच्या प्रामाणिकपणावर कोणाचा संशय होता? तरीही त्याने साक्षीदार सोबत नेला.

दुसरा आक्षेप जास्त कळकळीचा असतो. दिवस वाईट आहेत, ख्रिस्ती संस्थांवर परदेशी पैशाचे आणि धर्मांतराचे आरोप होत असतात, अशा वेळी आपलेच आकडे चव्हाट्यावर का मांडायचे? ही भीती खोटी नाही. पण झाकून ठेवलेल्या वहीतून कोणाचेही संरक्षण झालेले मी पाहिले नाही. उघड्या हिशेबापुढे आरोप करणाऱ्याला पुरावा शोधावा लागतो, झाकलेल्या हिशेबापुढे त्याला नुसता संशय पुरतो.

आणि हिशेबात एक रकाना मला प्रत्येक ख्रिस्ती संस्थेत बघायचा आहे, तो पगाराचा. इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या फिया आपण वाढवल्या, दवाखान्यांना नव्या खोल्या बांधल्या. तिथे कंत्राटावर शिकवणाऱ्या बाईंना महिन्याला काय मिळते, रात्रपाळीच्या आयांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, झाडणाऱ्या मावशींना आजारपणाची रजा आहे का? याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी जातो, असे लिहिले आहे. पुढच्या वार्षिक सभेला जाताना निदान एवढा एक प्रश्न लिहून घेऊन जा, उभे राहून विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवले गेल्याशिवाय खाली बसू नका.